वर्मेंतिनो आणि कडवे वाल

जनरल मॅनेजरसाहेब हॉटेलच्या स्वयंपाकघरात सहसा पाऊल टाकत नसत, कारण त्यांच्या सुटाला लसणाचा वास लागे. त्या दिवशी ते आले, दारातच उभे राहिले आणि अजराला इंग्रजीत म्हणाले, हेड शेफची जागा तुम्हाला द्यायला माझी काहीच हरकत नाही, फक्त वाइन चाखावी लागेल. अजरा तिसऱ्यांचे शिंपले धूत होती. तिने हात थांबवला नाही.

"मी वाइन चाखत नाही, साहेब," ती म्हणाली.

"मग वाइनबरोबरचं जेवण कसं करणार?"

"आजवर करत आलेय तसं."

साहेब हसले. नोकरीवर ठेवणाऱ्या माणसाला हसू फुकटात येतं. आजवर शेफ रेन्झो होते, ते म्हणाले. ते चाखायचे, तुम्ही करायचात. आता ते दुखरे गुडघे घेऊन इटलीला परत चाललेत. शनिवारी दुपारी इटलीतल्या सार्दिनिया बेटावरची ती वाइन बनवणारी बाई जेवायला येणार आहे, तिच्यासाठी मुख्य पदार्थ तुम्ही करा, वाइन चाखून करा. जमलं तर जागा तुमची, नाहीतर दुबईहून एक जण यायला तयार बसलाय. एवढं बोलून साहेब बाहीचा वास घेत निघून गेले.

खरं सांगायचं तर त्या स्वयंपाकघरात रेन्झोचं नाव होतं आणि काम अजराचं होतं. दोहातल्या पर्ल बेटाला लागून असलेल्या त्या हॉटेलात इटालियन जेवायला माणसं लांबून येत. मासळी कोणती घ्यायची, कोणत्या पोऱ्याला कुठल्या शेगडीवर उभं करायचं, रस्सा कधी उतरवायचा, हे सगळं म्हसळ्याची ही कोकणी मुसलमान बाई ठरवत असे. रेन्झो मनाचा मोठा माणूस, तो स्वतःच हे चारचौघांत सांगे. पण वाइनची बाटली उघडली की तो पुढे येई आणि अजरा दोन पावलं मागे सरे. इतकी वर्षं कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. जागा देण्याची वेळ आली आणि साहेबांना एकदम वावगं दिसलं.

दुपारच्या चहाला ॲड्रियन तिच्याजवळ येऊन उभा राहिला. ॲड्रियन वसईचा, हॉटेलातल्या साऱ्या बाटल्या त्याच्या ताब्यात. सगळ्यांसमोर दोघं हिंदी-इंग्रजीत बोलत, आणि चहाच्या वेळी भांडी घासायच्या खोलीच्या दारात मराठीत.

"काय गो, ऐकलं मी," तो म्हणाला. "एक घोट घे ना. तोंडात फिरव आणि थुंकून टाक. वाइनवाले स्वतः थुंकतात, पोटात कोण घेतंय?"

"रोज्यात पण चाखून थुंकलं तर चालतं म्हणतात काही लोक. आमच्या घरात कुणी थुंकलं नाय."

"मग असं कर. तू करायचं ते कर, मी सांगतो चाखली म्हणून. कोण बघायला येणार हाय?"

अजराने चहाचा कप खाली ठेवला. तिला राग आला होता, आणि राग आला की तिचा आवाज उलट खाली जाई.

"हे बघ ॲड्रियन. मी प्यायची नाय. खोटं बोलायची नाय. आणि ही जागा पण सोडायची नाय. तिन्ही एकदम."

"तिन्ही एकदम जमत नाय जगात कुणाला."

"मग मना एकदा करून बघू दे."

ॲड्रियनने मान हलवली. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं त्याला म्हणायचं होतं, पण अजराचा चेहरा पाहून त्याने ते गिळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो त्या सार्दिनियाच्या वाइनची एक बाटली घेऊन आला. वर्मेंतिनो तिचं नाव. फिकट, किंचित हिरवट झाक असलेली. अजराने बाटलीला हात लावला नाही. वाढप्यांना ताटल्या देतात त्या काउंटरच्या पलीकडे ॲड्रियन उभा, अलीकडे ती, अशी व्यवस्था ठरली.

"रेन्झोने काय लिहून ठेवलंय?" तिने विचारलं.

"लिंबाची साल, पांढरी फुलं, ओले दगड."

"फुलं आणि दगड. बरोबर काय खातात ते सांग."

"तळलेली बारीक मासळी. शेळीच्या दुधाचं ताजं चीज. वाळवलेल्या गाबोळीचा पास्ता. ते तिन्ही रेन्झो करून ठेवणार. तिसऱ्यांचा मुख्य पदार्थ तुझा."

तिसऱ्या म्हटल्यावर अजरा निश्चिंत झाली, आणि तिथेच फसली. कोकणातल्या बाईच्या हातात तिसऱ्या आल्या की हात आपोआप कोकमाकडे जातो, त्यात विचार करण्यासारखं काही राहतच नाही. तिने लसूण परतला, तिसऱ्या टाकल्या, झाकण ठेवलं, शिंपले उघडल्यावर कोकमाचं आगळ घातलं, वर कोथिंबीर. वास असा सुटला की पलीकडे पिझ्झा लावणारा नेपाळी पोरगा मान वळवून बघू लागला. तिने स्वतः चाखलं. झकास झालं होतं.

ॲड्रियनने एक शिंपला खाल्ला, वाइनचा घोट घेतला.

"कसं झालंय?" अजराने विचारलं.

"एक नंबर," तो म्हणाला.

म्हणाला आणि त्याचा हात वाइनच्या ग्लासला वळसा घालून पाण्याच्या ग्लासाकडे गेला. अर्धा ग्लास पाणी प्यायला तो. वाइन तशीच राहिली.

अजरा त्या हाताकडे बघत राहिली. तिला म्हसळ्याचं स्वयंपाकघर आठवलं. रमजानात साऱ्या घराला रोजा असे, संध्याकाळच्या इफ्तारीचं जेवण आई एकटी रांधायची आणि थेंबभरही जिभेवर ठेवायची नाही. चाखायला घरातलं रोजा न धरण्याएवढं लहान पोर लागे. ते पोर म्हणजे अजरा. पहिल्या दिवशी आईने विचारलं होतं, कसं झालंय, आणि अजराने 'छान' म्हणून अंगणात धूम ठोकली होती. त्या संध्याकाळी सगळ्या घराने खारट कालवण खाल्लं. मार तर बसला नाहीच, पण दुसऱ्या दिवसापासून आईचे प्रश्न बदलले. कसं झालंय हे ती कधीच विचारीना. पाणी मागावंसं वाटतं का? आणि आणखी घास मागावासा वाटतो का? एवढंच. पोराला चांगलं-वाईट कळत नाही, पण तहान आणि हाव कळते, असं आई म्हणे. मोठेपणी अजराच्या लक्षात आलं की मोठ्या माणसांनाही त्याहून फारसं जास्त कळत नाही, ती फक्त शब्द जास्त वापरतात.

"तू पाणी का प्यायलास?" तिने विचारलं.

"असंच."

"असंच नाय. मना गोड बोलू नको. एक नंबर जेवणावर माणूस पाणी मागत नाय."

ॲड्रियन ओशाळला. खरं तर काहीच बिघडलं नव्हतं, तो म्हणाला, कालवण चांगलं होतं, पण त्यानंतर वाइनला चवच राहिली नाही. पाणचट लागली.

"कोकम तिच्याहून आंबट," अजरा म्हणाली. "तिला खाऊन टाकलं त्याने. माझं चुकलं, आणि तू मला ते सांगितलं पण नाय. आता ऐक. फुलं नको, दगड नको. तुला रोजा नाय, तू माझं पोर. मी विचारते तेवढंच सांगायचं."

पन्नाशीच्या, टाय लावलेल्या ॲड्रियनने निमूटपणे ग्लास उचलला.

"घोट घेतल्यावर आधी जीभ कुठं ओढते?"

"कडेला. कैरी चावल्यावर ओढते तशी, पण कमी."

"तोंडाला पाणी सुटतं?"

"सुटतं."

"मीठ?"

"मीठ नाय, पण खारा वारा लागल्यासारखं हाय काहीतरी."

"आणि गिळल्यावर? मागे काय राहतं?"

ॲड्रियनने डोळे मिटले. इतका वेळ तो घाईने उत्तरं देत होता, इथे तो थांबला. "कडू," तो म्हणाला. "बदामाच्या सालीसारखं. जरासंच."

"तोंड वाकडं करणारं कडू?"

"नाय गो. परत घोट घ्यावासा वाटणारं."

परत मागावंसं वाटणारं कडू. अजराने हात पुसले आणि साहेब येऊन गेल्यापासून पहिल्यांदा हसली. असं कडू तिला चांगलं ठाऊक होतं. ते तिच्या अल हिलाल वस्तीतल्या फ्लॅटमध्ये, तांदळाच्या डब्यामागे, जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून ठेवलेलं होतं. मागच्या सुटीत गावाहून आणलेले कडवे वाल.

वाल भिजले, फडक्यात बांधले, मोड आले. कोमट पाण्यात टाकून ते सोलायला अजरा आणि तिची मुलगी तसनीम संध्याकाळी बसल्या होत्या, तेव्हा इब्राहीमभाई आले. इब्राहीमभाई म्हणजे अजराच्या नवऱ्याचा मोठा भाऊ. दोहातल्या साऱ्या कुटुंबाचा न्यायनिवाडा त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलेला. परातीत सोललेले वाल बघून त्यांचा चेहरा उजळला.

"बिरडं? आज कसली मेहरबानी?"

"आज नाय भाई. हॉटेलात न्यायचेत," अजरा म्हणाली, आणि कशासाठी तेही सांगून टाकलं. लपवाछपवी तिला कधी जमलीच नाही.

इब्राहीमभाई आपले वाल दारूबरोबर जाणार हे ऐकून उठून उभे राहिले. पाप पिणाऱ्यालाच लागतं असं नाही, ते म्हणाले, वाढणाऱ्याला लागतं, रांधणाऱ्यालाही लागतं. इतके दिवस तू तिथे होतीस, रेन्झोच्या हाताखाली होतीस, मी डोळेझाक केली. आता तुझ्या नावावर होणार सगळं. सोडून दे ही नोकरी. अल वक्राला माझ्या दोस्ताची कॅन्टीन आहे, तिथे बघ. अजराचा नवरा रिफत याने भावापुढे फक्त टीव्हीचा आवाज कमी केला.

अजरा वाल सोलत राहिली. बोटांत धरून दाबायचं, दाणा सुटून परातीत पडतो.

"भाई, तुमची कंपनी आमच्या हॉटेलचा एसी सांभाळते ना?"

"हां. मग?"

"मग त्या बाटल्या कुणाच्या गारव्यात ठेवतात?"

इब्राहीमभाईंची नजर भिंतीवरच्या एसीकडे गेली.

"तुम्ही हॉल थंड करता. कोण काय पितंय ते बघत नाय. मी मासळी शिजवते. अल्लापुढे हिसाब व्हायचा तर दोघांचा होईल, तेव्हा एकाच लाइनीत उभं राहू. पण तोपर्यंत मना कुणी सांगायचं नाय की तू तिथं पी, आणि कुणी सांगायचं नाय की तू तिथून नीघ. त्या दिवशी साहेब पी म्हणाले. तुम्ही नीघ म्हणता. दोघांना माझ्या हातचं खायचं मात्र असतं."

शेवटचं वाक्य लागलं. इब्राहीमभाई चपला घालून निघाले. ते दारापर्यंत पोचल्यावर अजरा मागून म्हणाली, "थोडे घरासाठी ठेवलेत. उद्या करते. या जेवायला."

ते जिना उतरून गेले. तसनीम सगळं मराठी समजून इंग्रजीत बोलणाऱ्या पिढीतली. तिने विचारलं, "मम्मा, यू आर नॉट सॉरी, राइट?"

"नाय," अजरा म्हणाली. "सोल तू."

दुसऱ्या दिवशी इब्राहीमभाई आले, रिफतशेजारी बसले, दोनदा बिरडं वाढून घेतलं आणि गेले. पटलं म्हणून आले होते असं नाही. पण आले होते.

हॉटेलात तिने कोकम डब्यात बंद केलं. वाल नारळाच्या दुधात मऊ शिजवले, लसूण आणि हिरवी मिरची नावाला, तिसऱ्या वेगळ्या उघडून त्यांचं खारं पाणी तेवढं वालांत ओतलं. वर चांगलं ऑलिव्ह तेल. रेन्झो बघत होता. आमच्याकडेही कडधान्यात तिसऱ्या घालतात, तो म्हणाला. ॲड्रियनने चाखलं. या वेळी अजराने त्याला काहीच विचारलं नाही. ती फक्त त्याचा हात बघत होती. हात वाइनकडे गेला, परत ताटलीकडे आला, परत वाइनकडे गेला. पाण्याचा ग्लास भरलेलाच राहिला.

"कडूचं काय झालं?" तिने शेवटी विचारलं.

"हाय. पण आता भाजलेल्या बदामासारखं लागतंय," ॲड्रियन म्हणाला. "आणि ताटली पुढे कर."

शनिवारी दुपारी हॉल भरला. सार्दिनियाची बाई सत्तरीची, उन्हाने रापलेली, हातांवर द्राक्षांच्या छाटणीचे वण. मासळी झाली, चीज झालं, गाबोळीचा पास्ता झाला, प्रत्येकाला तिने मान डोलावली. वालांतल्या तिसऱ्या गेल्या तेव्हा अजरा स्वयंपाकघराच्या दारातल्या गोल काचेला डोळा लावून उभी होती. अशी ती कधी उभी राहत नसे. इतक्या वर्षांचं काम त्या एका ताटलीत होतं आणि त्या कामाच्या अर्ध्या चवीची तिला फक्त ऐकीव माहिती होती.

बाईने पावाच्या तुकड्याने ताटली पुसून काढली. मग शेफला बोलवा म्हणाली.

अजरा बाहेर आली. जनरल मॅनेजरसाहेब बाईच्या शेजारीच बसले होते. बाईने इंग्रजीत विचारलं, "हे जुळवायला माझी वाइन तुम्ही किती वेळा चाखली?"

काउंटरपाशी उभ्या असलेल्या ॲड्रियनने नजरेने विनवलं. एक आकडा सांग, कोणताही. साहेबांच्या चेहऱ्यावर तयार हसू होतं. साऱ्या हॉलला तिच्याकडून एक छोटंसं खोटं हवं होतं, आणि ते ती बोलली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं, एक तिच्याखेरीज.

"एकदाही नाही," अजरा म्हणाली.

साहेब घाईने म्हणाले, "त्यांना म्हणायचंय की..."

"मला तेच म्हणायचंय, साहेब. मी पीत नाही. चाखतही नाही. रोजा असताना आम्ही न चाखता रांधतो आणि चाखणाऱ्याला नीट विचारतो. मी याला विचारलं." तिने ॲड्रियनकडे बोट केलं. "याने पहिल्यांदा खोटं सांगितलं, मग खरं सांगितलं."

शेजारच्या टेबलावरचे काटे-चमचे थांबले. बाईच्या ग्लासात वाइन संपली होती. बाजूचा पाण्याचा ग्लास काठोकाठ भरलेला होता. अजराने तो बघितला, आणि तिची भीती तिथेच सरली.

बाईने रिकामी ताटली उचलून पुढे धरली. "आणखी आहे?" तिने विचारलं.

"आहे," अजरा म्हणाली.

जेवण उरकल्यावर साहेबांनी तिला कॉरिडॉरमध्ये गाठलं. पदार्थ उत्तम होता, ते म्हणाले, पण पाहुण्यांसमोर असं बोलायची गरज नव्हती. आणि नियम तो नियम. हेड शेफने वाइन चाखलीच पाहिजे.

"मग लिहून द्या, साहेब," अजरा म्हणाली.

"काय?"

"कतारमध्ये, तुमच्या हॉटेलात, मुसलमान बाईला हेड शेफ व्हायचं तर वाइन तोंडात घ्यावी लागेल. एवढं एक वाक्य. खाली सही. मी ते फ्रेम करून अल हिलालच्या घरात लावते, येणारा-जाणारा वाचेल."

साहेबांच्या खिशाला पेन होतं. त्यांचा हात तिकडे गेला नाही. लिफ्ट आली आणि गेली. साहेब कुठल्या देशाचे ते महत्त्वाचं नाही, पण दोहात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला कुठलं वाक्य लिहायचं नसतं हे नेमकं कळतं.

"उगाच मोठं करू नका," ते म्हणाले. "बघू या. इन्शाल्ला."

अजरा त्यांच्या आणि लिफ्टच्या मध्ये उभी होती, ती हलली नाही. "साहेब, माझ्या आईने इन्शाल्ला म्हटलं की काम होतं. या ऑफिसात कुणी म्हटलं की काम होत नाही. तुमचं कुठलं?"

साहेबांनी बाहीचा वास घेतला. त्यांना ही बाई आवडली नव्हती, हे दिसत होतं. पुढेही आवडणार नव्हती.

"तुमच्या आईचं," ते शेवटी म्हणाले. "सोमवारी कॉन्ट्रॅक्टवर सही करा."

दुबईच्या माणसाला नकार कळवायला ते वर गेले. अजरा परत स्वयंपाकघरात आली. तिने हात नळाखाली धरले. ॲड्रियन भांड्यांच्या खोलीच्या दारात उभा होता. त्याच्या हातातल्या वर्मेंतिनोच्या बाटलीच्या तळाशी दोन बोटं वाइन उरली होती, ती आता फेकायची होती.

"एक विचारू?" तो म्हणाला. "खरं सांग. इतकं केलंस या वाइनसाठी. मला खोदून खोदून विचारलंस. तुला एकदा पण वाटलं नाय, ती कशी लागत असेल?"

अजराने नळ बंद केला.

"वाटलं ना. रोज वाटलं. आता पण वाटतंय," ती म्हणाली. "रोज्यात भूक लागत नाय, असं तुला कुणी सांगितलं?"

तिने फडक्याला हात पुसले आणि संध्याकाळच्या कांद्यांची परात पुढे ओढली. ॲड्रियनने बाटली मोरीत रिकामी केली.